पाजल्याशिवाय ओढत नाही

मुलुंडच्या तलावाखाली एक खोली आहे,
सात पायऱ्या उतरून.
वर पंचवीस मीटर निळं,
खाली एक ट्यूबलाइट, जनार्दन भोईर आणि मी.
मला महिना झालेला, त्यांना एकतीस वर्षं.
पोहता दोघांनाही येत नाही.

पहिल्या दिवशी मी थेट बटण दाबलं.
पाइपात गोट्या सांडाव्यात तसा पंप ओरडला.
भोईरांनी बंद केला, झाकण काढलं,
बादलीनं पाणी ओतलं काठोकाठ,
रबराच्या कडीवर बोटानं ग्रीस फिरवलं.
"हवा ओढायला लावलीस त्याला.
पंप आधी पाजायचा, मग ओढतो.
म्हैस पान्हवायला पारडू लावतात ना, तसं."
मी लालबागचा. म्हैस फक्त पिशवीतून पाहिलेली.

पाणी आमच्याकडे दोन वाटांनी येतं,
काठाच्या फटीतून वरवरचं,
तळाच्या जाळीतून जड.
आधी टोपली.
टोपलीत रोज केसांचा एक भिजलेला उंदीर,
रबरबँड, चिकटपट्टी, पिंपळाची पानं,
एकदा एक टिकली, लाल, अजून चिकट.
मग पंप.
मग हत्तीच्या पिल्लाएवढी टाकी, आत वाळू.

वाळू नेमकं करते काय?
"काही नाही. बसून राहते.
पाण्याला वाट काढता येते, मळाला नाही."

मग रोज धुऊ या की वाळू, मी म्हटलं.
"खुळा आहेस. कोरी वाळू भोळी असते,
बारीक घाण सोडते मधून.
थोडी मळली की फटी आवळतात.
मग तिला कळतं, कुणाला जाऊ द्यायचं."
हे मी घरी बायकोला सांगितलं.
ती म्हणाली, म्हणून चादर धुवायची नाही होय?

काटा बारावर, तर ठीक.
वीसवर गेला की उलट धुणं:
पंप बंद, हँडल दाबून फिरव, पंप चालू
(चालू पंपात हँडल फिरवणाऱ्याचा
भोईर खानदानासकट उद्धार करतात).
काचेच्या नळीत आधी चहा,
मग ताक,
मग नुसतं पाणी. बंद.

मे महिन्यात पाणीकपात लागली.
एका धुण्याला हजारो लिटर गटारात.
भोईर स्टुलावर, नजर काट्यावर.
एकवीस. "उद्या बघू."
बावीस. पाइपावर तळवा ठेवून डोळे मिटले,
ताप बघतात तसे. "उद्या."
चोवीसला उठले, काही बोलले नाहीत.
गटाराच्या तोंडाला पाइप लावून
ते चहाचं पाणी त्यांनी
कुंपणापलीकडच्या करंजांना दिलं.

त्याच आठवड्यात जिन्याच्या तोंडाशी
ओली पावलं वाजली. फाल्गुनी छेडा,
सातची बॅच, समोर खिंडार.
"काका, माझा दात इकडे आला का?"
"येणारच. सगळं इकडेच येतं. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी टोपली मी उघडली.
उंदीर, पानं, एक कानातला बोळा.
तळाचा झाडू फिरवला, पुन्हा उघडली.
दात नव्हता.
भोईरांनी फळीवरून बिस्किटाचा डबा काढला.
आत कापसावर दुधाचे दात,
अकरा की बारा,
एकतीस वर्षांत कुणी न्यायला न आलेले.
चष्मा कपाळावर चढवून
त्यांनी एक निवडला, क्लोरीनच्या पाण्यात बुडवला,
सदऱ्याला पुसला.

फाल्गुनीनं तो खिंडाराशी धरून पाहिला.
"मोठा वाटतोय."
"फुगला असेल. रात्रभर पाण्यात होता."
ती माझ्याकडे बघत राहिली, मी काट्याकडे.
चौदा.
मूठ मिटून ती दोन-दोन पायऱ्या वर गेली.

"हँडल नीट बसलंय का बघ," भोईर म्हणाले,
आणि डबा फळीवर ठेवला,
जरा पुढे,
माझा हात पोचेल असा.